एका संगणकात दोन बिऱ्हाडं

दिवाळी तोंडावर असताना, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी महाडच्या बाजारपेठेतला किंवा पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळचा एकही संगणक त्यामुळे बंद पडला नाही, म्हणून बहुतेकांच्या हे लक्षातही आलं नाही. यंत्र चालतच राहतं. फक्त त्यात नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होणं थांबतं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट्स मिळण्याची सोय आहे. ही एका वर्षाची मुदतवाढ आहे, त्यापलीकडे काही नाही.

मग विंडोज ११ टाकावं, हे ओघाने आलंच. पण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, म्हणजे साधारण २०१८ नंतरचं यंत्र. आपल्याकडे घरोघरी जे लॅपटॉप आहेत, त्यांतले किती या अटीत बसतात? मुंबईतल्या भावाच्या ऑफिसने काढून टाकलेला आणि त्याने गणपतीला येताना पुतण्यासाठी आणलेला लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचा असतो. त्याचा कीबोर्ड धड असतो, रॅम ८ जीबी असते, स्क्रीनवर ओरखडा नसतो. तो दुरुस्तीच्या दुकानात नेला की दोन उत्तरं मिळतात: ‘नवीन घ्या’ किंवा ‘फॉरमॅट मारून देतो’. तिसरं उत्तर क्वचितच कानावर पडतं. विंडोज आहे तिथे राहू द्यायचं आणि त्याच्या शेजारी लिनक्स टाकायचं. वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात तसं. खोल्या वेगळ्या, दिंडीदरवाजा एक. संगणक सुरू करताना कोणत्या बिऱ्हाडात जायचं ते आपण ठरवायचं.

‘शेजारी’ या शब्दावर माझा भर आहे. लिनक्सवर प्रेम करणारे अनेक जण विंडोज पुसूनच टाका म्हणतात. महाड-पोलादपुरात तो सल्ला मी देणार नाही. व्यापाऱ्याची टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. सेवा केंद्रात आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र, कर सल्लागाराचं डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, दुकानांत वर्षानुवर्षं इमानाने चालणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर, ही सगळी विंडोजवर बिनबोभाट चालतात. लिनक्सवर त्यांतली काही चालतच नाहीत, काही फार खटपटीने चालतात. दुसऱ्या बाजूला सातबारा पाहणं, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचं काम, मुलांचे व्हिडिओवरचे तास, पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते ही कामं ब्राउझरमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये होतात. ती लिनक्सवर उत्तम होतात आणि जुन्या यंत्रावर बहुधा अधिक झपाट्याने होतात. इथली कामंच अशी दोन्हीकडे वाटली गेलेली आहेत. त्यामुळे देखभाल संपलेलं विंडोज शक्यतो इंटरनेटपासून दूर, नेमक्या कामापुरतं वापरावं आणि इंटरनेटवरचं रोजचं काम लिनक्सवर करावं, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संगणकप्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला. त्या दोहोंच्या मिलाफातून पुढे शेकडो प्रणाली निघाल्या. फुकट मिळणं ही लिनक्सची छोटी बाजू. त्याची प्रत काढून शेजाऱ्याला देणं कायद्याने पूर्ण मोकळं आहे, ही मोठी. आपल्याकडे विंडोजच्या चोरट्या प्रती टाकून देण्याची जी सवय पडली आहे, तिची इथे गरजच उरत नाही.

रायगडला हे नवंही नाही. याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. वाडीतल्या मुलांच्या हाती आलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये फेडोरा लिनक्स होतं आणि रॅम होती अवघी २५६ एमबी. आज आपण ‘मेलं’ म्हणून माळ्यावर टाकतो त्या लॅपटॉपमध्ये याच्या सोळापट किंवा बत्तीसपट रॅम असते. केरळने तर सरकारी शाळांतले संगणक पिढीभर लिनक्सवर चालवले आहेत. लिनक्सवरच्या मराठीला पुण्याचा हातभार लागला. रेड हॅट या कंपनीने खुला केलेला लोहित हा देवनागरी फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आहे.

आता निवड. लिनक्सच्या नावांची यादी पाहून माणूस भांबावतो, पण ठरवायला यंत्राची ताकद आणि अडचणीला मदत कुठे मिळेल या दोनच गोष्टी पुरतात. ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट टाका, असं मी सरळ सांगतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ अशी तिची मांडणी विंडोजवरून येणाऱ्याला परकी वाटत नाही. तिच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. तिचं सिनॅमन हे रूप देखणं आहे. यंत्र थकलेलं असेल तर एक्सएफसीई हे हलकं रूप घ्यावं. उबुंटू चांगली आहे, पण जरा जड. सीडॅकने डेबियनवर उभारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सरकारी कार्यालयांचा विचार करून घडवलेली आहे. घरी एकट्याने शिकणाऱ्याला अडलं तर उत्तरं मिंट-उबुंटूची जास्त सापडतात. हार्ड डिस्क जुनी फिरत्या तबकडीची असेल तर कोणतीही प्रणाली निवडण्याआधी एसएसडी बसवा. त्या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही.

टाकण्याच्या कामात खरा जीव आहे तो तयारीत. पहिलं काम प्रत काढण्याचं. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या संगणकांबरोबर वह्या, बिलं, फोटो सगळं गेलं. आपल्या गावाला बॅकअप ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. डिस्कची वाटणी करताना चुकीच्या जागी बोट पडलं तर पूर न येताही तेच होतं. म्हणून फोटो, टॅलीचा डेटा, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा आणि वरच्या मजल्यावर ठेवा.

दुसरं, यंत्राला कुलूप आहे का ते पाहा. ऑफिसमधून आलेल्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असण्याची किंवा बायॉसला, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जना, पासवर्ड असण्याची शक्यता असते. भावाला फोन करून ते आधीच विचारा. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवरच्या भागात जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्सने त्याच्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं ठरतं.

मग जागा मोकळी करायची. हे विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने करावं. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण ५०-६० जीबी द्या. डी ड्राइव्ह रिकामा असेल तर सी ला हात लावण्याची गरज नाही. मोकळी केलेली जागा तशीच रिकामी सोडा, तिला नवं अक्षर देऊ नका. जुन्या लॅपटॉपवर इथे एक खोडा असतो. यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत येण्याआधीच्या रीतीने आखलेल्या डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन, म्हणजे कप्पे, बसतात आणि काही कंपन्यांच्या यंत्रांत ती चारही कारखान्यातूनच भरून येतात. अशा वेळी विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असं विचारतं. तिथे ‘हो’ म्हणू नका, नाहीतर लिनक्स टाकण्याची वाट बहुधा बंद होते. एखादं निरुपयोगी पार्टिशन, त्याची प्रत काढून, जाणकाराच्या मदतीने हटवावं.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. पोलादपूरच्या घाटाकडच्या वाड्यांत ती मोबाइलवर उतरवत बसण्यात अर्थ नाही. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात आळीतलं एखादं पोर शिकत असेल तर त्याला सांगा, एकदा उतरवलेली फाइल सगळ्या आळीला पुरते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती नुसती कॉपी करून चालत नाही; रूफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने लिहावी लागते आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोवो, एसरला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असेल तर पेनड्राइव्हही तसाच सुरू करावा. मेनूत तो दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडा. काही मिनिटांत मिंट समोर येतं, तेही डिस्कला हात न लावता, पेनड्राइव्हवरूनच. ही लिनक्सची मला सर्वांत आवडणारी सोय आहे. इथे घाई करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, प्रिंटर ओळखला जातो का, हे एक संध्याकाळ तपासा. काही जुनी वायफाय कार्डं रुसतात. तेव्हा मोबाइल यूएसबी वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला साध्या तारेचं नेटवर्क समजतं आणि उरलेली ड्रायव्हर उतरवून घेता येतात. काहीच जुळलं नाही, तर पेनड्राइव्ह काढा. यंत्र होतं तसं आहे.

जुळलं तर ‘इन्स्टॉल’. इथे सगळ्यात महत्त्वाचा पडदा येतो. ‘विंडोजच्या शेजारी टाका’ असा पर्याय दिसला तर तो निवडा. तो दिसत नसेल आणि फक्त ‘डिस्क पुसून टाका’ एवढंच दिसत असेल, तर थांबा. याचा अर्थ इन्स्टॉलरला विंडोज दिसलेलं नाही, आणि पुढची कळ दाबली तर विंडोज जाईल. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय बसू नका, आणि आषाढात वीज दिवसातून चारदा जाते तेव्हा तर नकोच. मे महिना बरा.

काम झालं की सुरुवातीला ग्रब नावाचा काळा मेनू दिसेल, त्यात दोन्ही प्रणालींची नावं. पहिल्यांदा विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकेल. यंत्र बिघडलेलं नाही. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एकदाच एक छोटी आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं. दोन्हीकडे लागणाऱ्या फाइल्स डी ड्राइव्हवर ठेवा. लिनक्सला विंडोजचे ड्राइव्ह वाचता येतात, विंडोजला लिनक्सचे एरवी दिसत नाहीत. आणि तो पेनड्राइव्ह जपून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जगभर अनेक यंत्रांवरचं शेजारचं लिनक्स सुरू होईनासं झालं होतं. असं झालं की बायॉसमध्ये सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय तात्पुरती बंद करून किंवा पेनड्राइव्हवरून आत शिरून दुरुस्ती करता येते.

मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मांडण्या मिळतात. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रं मात्र उघडल्यावर अगम्य खुणा दिसतील. तो फॉन्ट लिनक्समध्ये बसवला की ती वाचता येतात, पण नवं लिखाण युनिकोडमध्येच करावं. मेनूंचं मराठी भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही. अडलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे मराठी आवाजातले धडे तयार केले आहेत. ते मी शिक्षकांना आग्रहाने सुचवतो.

नाहीच पटलं तर काढता येतं, पण क्रम पाळावा. यूईएफआय यंत्रात आधी बायॉसमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सुरू होतं याची खात्री करा आणि मगच लिनक्सची पार्टिशन हटवा. जुन्या पद्धतीच्या यंत्रात आधी पार्टिशन हटवलीत तर काळ्या पडद्यावर अडकाल. तिथे विंडोजच्या दुरुस्ती पेनड्राइव्हने बूटची नोंद पूर्ववत करावी लागते, तो हाताशी असू द्या.

शेवटी एक विनंती महाड आणि पोलादपूरच्या संगणक दुरुस्तीवाल्यांना. मिंटचा एक पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवा. जुना लॅपटॉप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ‘नवीन घ्या’ म्हणण्याआधी त्याच्याच यंत्रावर ते चालवून दाखवा. पटलं तर बॅकअप काढून शेजारी बसवून द्या आणि या कामाची मजुरी जरूर घ्या, लिनक्सच्या परवान्याची तिला काहीही हरकत नाही.