जुन्या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट : माप कसे घ्यावे, निवड कशी करावी



गळिताचा हंगाम तोंडावर आला की बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची तयारी सुरू होते. पण बेणे, खते, डिझेल आणि तोडणी मजुरांचे सामान वाहणारी घरची जुनी जीप-पिकअप मात्र दुर्लक्षित राहते. ऊस तुटल्यापासून शक्यतो चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि साखरही उतरते, हे आपण जाणताच. ऐन तोडीत घरची गाडी रस्त्यात बसली की सगळी घडी विस्कटते. अशा गाड्यांत हमखास दगा देणारा भाग म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तो बदलायची वेळ आली तर काय पाहावे, ते येथे सांगत आहोत.

शाफ्टचे काम

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेणे हे या शाफ्टचे काम. गिअरबॉक्स चॅसिसला घट्ट बांधलेली, तर मागचा ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर खाली-वर होणारा. म्हणून दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात, आणि लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून मध्ये दात्यांचा सरकता जोड, म्हणजे स्लिप जोड असतो. मोटारीसाठी असा जॉइंट क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन तंत्रज्ञाने बनवला आणि १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी बऱ्याच मोटारी सायकलीसारख्या साखळीवर चालत.

जुना शाफ्ट नमुना म्हणून का चालत नाही ?

जुना शाफ्ट दुकानात नेऊन "असाच द्या" म्हणणे सोपे आहे. पण आपल्याकडे कित्येक जुन्या जीपांचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले आहे. इंजिन बदलले की गिअरबॉक्सची जागा थोडी पुढे-मागे होते. मग कोणीतरी जुनाच शाफ्ट कापून, नाहीतर तुकडा जोडून काम भागवलेले असते. तीच चूक आपण पुन्हा विकत घेतो. म्हणून माप शाफ्टचे नव्हे, गाडीचे घ्यावे. (इंजिन बदलाची नोंद आर.सी. बुकात करणे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे आवश्यक आहे, तेही तपासून घ्यावे.)

आधी सुरक्षितता

शाफ्ट सोडला की गाडी गिअरमध्ये असूनही चाके मोकळी होतात. जुन्या जीपांत तर हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टच्याच ओळीवर असतो. म्हणजे शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाके अडत नाहीत. सपाट जागेवर चारही चाकांना पुढून-मागून ओंडके लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये.

माप घेण्याची रीत

१) गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे. चॅसिसला जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर माप चुकणारच.

२) गिअरबॉक्सच्या (किंवा ट्रान्स्फर केसच्या) फ्लँजच्या तोंडापासून डिफरन्शियलच्या फ्लँजच्या तोंडापर्यंतचे अंतर मि.मी. मध्ये घ्या. फ्लँज नसून योक असेल तर क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. कोणते माप घेतले ते कागदावर लिहा. दुकानात गोंधळ होतो तो इथंच.

३) हेच माप नेहमीचा भार भरून पुन्हा घ्या.

एक उदाहरण पाहू. समजा रिकाम्या गाडीत अंतर ८६५ मि.मी. आले, भार भरल्यावर ८५८ झाले. नवा शाफ्ट पूर्ण आत ढकलल्यावर ८४० भरतो. म्हणजे रिकामी असताना २५ आणि भरल्यावर १८ मि.मी. जागा शिल्लक. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली तर तेवढी जागा लागते. हाच शाफ्ट आत ढकलून ८५६ भरत असता तर भरलेल्या गाडीत जेमतेम २ मि.मी. उरले असते. मग एका खड्ड्यात शाफ्ट टेकतो आणि सगळा दणका गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. उलट शाफ्ट फार आखूड असला तर दाते थोडेच गुंततात, लटपटतात आणि लवकर झिजतात.

क्रॉस आणि फ्लँज

क्रॉसची दोन मापे असतात: वाटीचा व्यास आणि समोरासमोरच्या वाट्यांच्या बाहेरच्या टोकांमधली लांबी. दोन्ही व्हर्नियरने घ्या. एकाच मापावर भरवसा ठेवू नका. स्पायसरच्या १३१० आणि १३३० या दोन्ही मालिकांत वाटीचा व्यास सारखाच, सुमारे २७ मि.मी.; पण लांबी पहिल्यात सुमारे ८१.८ आणि दुसऱ्यात ९२.१ मि.मी. उलट १३३० आणि १३५० यांची लांबी सारखी, पण १३५० ची वाटी सुमारे ३०.२ मि.मी. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. फ्लँजचे बोल्ट किती, समोरासमोरच्या भोकांतले अंतर किती आणि मधल्या उंचवट्याचा व्यास किती, हेही टिपून घ्या. उंचवटा नीट बसला नाही तर शाफ्ट मध्यावर फिरत नाही.

जोडणी आणि तोल

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले पाहिजेत. जॉइंट कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही योक एका रेषेत आणि दोन्हीकडचा कोन सारखा असेल तर पहिल्याचा झटका दुसरा मोडून काढतो. ग्रीस करताना जोड सोडला आणि एक-दोन दाते चुकवून बसवला, की थरथर सुरू झालीच म्हणून समजा. सोडण्यापूर्वी छिन्नीने दोन्ही भागांवर खूण करा. कोन तीन अंशांच्या आत असावा. अगदी शून्य असला तरी बरे नव्हे, कारण वाटीतल्या सुया एकाच जागी झिजतात.

वरच्या थेट गिअरमध्ये इंजिनचे जेवढे फेरे तेवढेच शाफ्टचे. तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. आपल्या कारखान्यातले सेंट्रिफ्युगल मशीन आठवा. त्यात मळी-साखरेचा राबडा एका बाजूला जास्त बसला तर सगळे मशीन कसे हादरते ! इथंही तेच. म्हणून शाफ्टची नळी पाण्याच्या पाइपातून बनवू नका आणि मध्ये तुकडा जोडून लांबी वाढवू नका. लांबी बदलायची तर शाफ्टसाठीची अखंड नळी घालून, सरळपणा तपासून, तोल मशीनवर करून घ्या. जुन्या बाजारातला शाफ्ट घेताना नळीला पोचा नाही, तोलाच्या चकत्या गळालेल्या नाहीत आणि दात्यांत खेळ नाही, हे पाहा.

शेवटची गोष्ट

पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडते, जमिनीत रुतते आणि धावती गाडी काठीवर उचलल्यासारखी उचलली जाते. मागे माणसे बसलेली असतील तर काय होईल, याचा विचार करा. पुढच्या जॉइंटच्या थोडे मागे जाड लोखंडी पट्टीचे कडे चॅसिसला बांधून घ्यावे. गाडी सुटताना "टक्" असा आवाज येणे किंवा क्रॉसजवळ गंजाची लाल भुकटी दिसणे ही बिघाडाची सूचना आहे. ती दिसताच गाडी हंगामाआधी मेस्त्रीकडे न्यावी, आणि जाताना मापाचा कागद खिशात ठेवावा, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.