लाकडाला टिचक्या मारणारं बोट

मुलांच्या विज्ञान मासिकांसाठी मी प्राण्यांची चित्रं काढते. ‘जगातले भयानक दिसणारे प्राणी’ हा विषय अधूनमधून हटकून येतो आणि नावंही जवळपास ठरलेली असतात. त्यातल्या ब्लॉबफिशचं नेहमीच्या फोटोवरून चित्र काढायला मी साफ नकार देते. लोंबतं नाक, रडवेला चेहरा असलेला तो फोटो २००३ साली न्यूझीलंडजवळच्या समुद्रातून वर काढलेल्या माशाचा आहे. २०१३ मध्ये लोकांनी मतं देऊन याला सर्वांत कुरूप प्राणी ठरवलं. पण हा मासा सहाशे ते बाराशे मीटर खोलीवर राहतो. तिथला पाण्याचा दाब आपल्या अंगावरच्या हवेच्या दाबाच्या साठ पटींहून जास्त असतो. तिथे तळाशी अलगद तरंगता यावं म्हणून त्याचं अंग मऊ, जेलीसारखं असतं. जाळ्यातून झपाट्याने वर ओढला की दाब सुटतो आणि शरीराचा आकारच मोडतो. एका जखमी, मेलेल्या जिवाला आपण कुरूप म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं मन गुंतलंय ते मात्र त्याच यादीतल्या, मादागास्करच्या आय-आय नावाच्या प्राण्यात. हा लेमूरच्या गटातला, म्हणजे आपला लांबचा नातेवाईक. वजन जेमतेम अडीच किलो. शेपूट मात्र अंगापेक्षा लांब. राठ काळे केस, वटवाघळासारखे मोठे कान, पिवळट वाटोळे डोळे आणि उंदरासारखे आयुष्यभर वाढत राहणारे पुढचे दात. युरोपातले अभ्यासकही सुरुवातीला चकले होते. १७८८ साली ग्मेलिन नावाच्या अभ्यासकाने त्याला चक्क खारींमध्ये बसवलं.

मी चित्राला हातापासून सुरुवात करते. चार बोटं बऱ्यापैकी जाड, पण मधलं बोट नुसतं कातडी चढवलेलं हाड वाटावं इतकं बारीक. हे बोट काढताना पेन्सिलला सारखं टोक करावं लागतं, रेघ जराशी जाड झाली तरी ते चुकतं. बोटाच्या मुळाशी उखळीचा सांधा आहे, आपल्या खांद्यात असतो तसा. त्यामुळे ते कुठल्याही दिशेला वळतं.

रात्री आय-आय फांदीवरून हळूहळू सरकतो आणि त्या बोटाने लाकडावर भराभर टिचक्या मारतो. आपण बाजारात कलिंगड वाजवून बघतो, तसंच. कान पुढे झुकलेले, नाक लाकडाला जवळजवळ टेकलेलं. आत अळीने पोखरलेली पोकळी असली की आवाज बदलतो. मग दात चालतात, लाकडाला भोक पडतं, बोट आत जातं आणि अळी बाहेर येते. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाहीत. आपल्याकडे सुतारपक्षी जे काम चोचीने करतो, ते तिथे हा प्राणी दातांनी आणि एका बोटाने करतो.

संशोधकांनी या बोटाचं तापमानही मोजलं आहे. एरवी ते शेजारच्या बोटांपेक्षा थंड असतं, टिचक्या मारायला लागलं की त्याचं तापमान जास्तीत जास्त सहा अंश सेल्सिअसने वाढतं. इतक्या नाजूक अवयवातून उष्णता वाया जाऊ नये म्हणून शरीर काम नसताना त्याचा रक्तपुरवठा कमी करत असावं. आणि २०१९ मध्ये कळलं, की याच हाताच्या मनगटाजवळ एक छोटा जादा अंगठा आहे, हलणारा, त्यावर ठसे असलेला. इतर बोटं शिकारीच्या कामासाठी अशी घडत गेली, की फांदी घट्ट धरायला वेगळी सोय करावी लागली. ही बातमी वाचून मी माझं जुनं चित्र बाजूला ठेवलं आणि नवं करायला घेतलं.

त्या बारीक मधल्या बोटापायीच आय-आयचा जीव जातो. मादागास्करच्या काही भागांत समजूत आहे, की आय-आयने ते बोट ज्याच्याकडे रोखलं तो मरतो. म्हणून दिसला की मारतात आणि अरिष्ट टळावं म्हणून काही ठिकाणी मेलेला प्राणी रस्त्याकडेला काठीवर टांगतात. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानतात, त्यातलाच हा प्रकार. आपलं गव्हाणी घुबड शेतातले उंदीर खातं, तरी त्याच्या नशिबी दगड येतात.

विसाव्या शतकात एका काळी तर आय-आय संपला असंच मानलं जात होतं. १९५७ मध्ये तो पुन्हा सापडला. १९६६ मध्ये त्याला वाचवण्यासाठी काही आय-आय पकडून नोसी मांगाबे नावाच्या छोट्या बेटावर नेऊन सोडले. आज त्याची नोंद धोक्यातल्या प्राण्यांत आहे. जंगल तुटतं, तसा तो नारळाच्या बागांत आणि उसाच्या मळ्यांत शिरतो. नारळाला भोक पाडून आतलं खोबरं उकरून खातो, तेव्हा शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते खरंच आहे. त्याचा राग मला समजतो. पण मादी दोन-तीन वर्षांतून एकदा विते आणि तिला एकच पिल्लू होतं. रस्त्याकडेला टांगलेल्या एका मादीची जागा भरून यायला जंगलाला कित्येक वर्षं लागतात.