आयुधांची पूजा आणि त्यांचे अधिष्ठान

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. ज्याच्या उपजीविकेचे जे साधन, त्याची त्या दिवशी पूजा करावी, असा आपल्याकडील परिपाठ आहे. सुतारकाम करणारा करवत, रंधा, वाकस, पटाशी पुसून पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतो. पुष्कळ घरांत त्या दिवशी हत्यारांना विश्रांतीही देतात. परंतु ही सारी हत्यारे वर्षभर ज्याच्या आधाराने चालतात, त्या सुतारी मेजाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पडवीच्या कोपऱ्यात ते डुगडुगत उभे असते. त्यावर रंगाचे डबे आणि जुनी रद्दी साठलेली असते. या सणाच्या निमित्ताने त्या उपेक्षित मेजाविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

आधाराचा हा विचार आजचा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८१ व ८२ ही सूक्ते विश्वकर्म्याची आहेत. त्यांपैकी पहिल्या सूक्तात ऋषीला पडलेले प्रश्न एखाद्या कारागिरालाच पडावेत असे आहेत. सृष्टी घडविण्यासाठी लाकूड कोणत्या वृक्षाचे घेतले, हा त्यांतील एक. आणि ती घडविताना त्या निर्मात्याचे अधिष्ठान कोणते होते, हा दुसरा. आपला परंपरागत सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करीत आला. भूमी हेच त्याचे अधिष्ठान होते. उभ्याने काम करणाऱ्यासाठी मेज हे त्या भूमीच्या जागी येते. म्हणून ते भूमीसारखेच अचल असावयास हवे.

मेज अचल नसेल तर नुसती गैरसोय होते असे नाही. रंधा पुढे ढकलताच मेज मागेपुढे हलू लागले की अर्धी शक्ती त्यातच खर्च होते. त्याहून वाईट म्हणजे लाकूड सरकते आणि पटाशी निसटून लाकूड धरणाऱ्या तळहातात शिरते. घरातील मुले ज्या मेजावर खिळा ठोकावयास शिकतात, ते डुगडुगते ठेवणे म्हणूनच योग्य नव्हे.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक मेज आहे. पाय सागवानी, पण वरची फळी आंब्याची आणि किडीने पोखरलेली. जागा लहान झाली तेव्हा ते सरपणाच्या भावाने देऊन टाकावे, असा विचार घरात निघाला. नवे मेज घेणे तर परवडणारे नव्हते. अखेर पाय कायम ठेवावेत आणि बाकीची दुरुस्ती जमेल तशी, थोड्या खर्चात करावी, असे ठरले. त्या खटाटोपात जे हाती लागले, ते खर्चाच्या चढत्या क्रमाने येथे देत आहोत.

प्रथम बिनखर्चाची कामे. मेज हलते ते जमिनीमुळे की सांध्यांमुळे, हे आधी पाहावे. अधांतरी राहणाऱ्या पायाखाली पातळ पाचर सारून हलणे थांबले, तर दोष जमिनीचा. तरीही मेज लांबीच्या दिशेने झुलत राहिले, तर दोष सांध्यांचा. प्रत्येक पायावर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. वाळवीने आतून पोखरलेला पाय बद्द वाजतो. असा पाय बदलणे हाच उपाय. शेवटी खालच्या बाजूस फळ्या टाकून त्यांवर विटा रचाव्यात. वजन वाढले की निम्मी चंचलता जाते.

त्यानंतर अल्प खर्चाची कामे. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते आणि हवा कोरडी झाली की आकसते; म्हणून पावसाळ्यात घट्ट वाटलेले सांधे पुढे ढिले पडतात. पाऊस ओसरल्यावर मेज काही दिवस कोरड्या सावलीत ठेवून मगच दुरुस्तीस घ्यावे. सैल सांधा उकलून जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करावा व खरवडून काढावा. जुन्या थरावर नवा सरस नीट धरत नाही. सांधा पुरता वाळल्यावर नवा सरस लावून, गुण्याने काटकोन तपासून, तो आवळून ठेवावा. मग मागील दोन पायांच्या मध्ये तिरकी पट्टी स्क्रूने बसवावी. चौकोनी चौकट दाबली की तिरपी होते, त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाही. हे एकच काम केले तरी मेजाचा स्वभाव पालटतो.

उंचीही याच वेळी पाहून घ्यावी. सरळ उभे राहून हात खाली सोडावेत. मनगटाची रेषा जेथे येते, साधारण तेवढी उंची रंधा मारण्यास सोयीची. मेज ठेंगणे असेल तर पायांखाली ठोकळे जोडावेत.

आता वरची फळी. जुनी फळी जाड व धड असेल तर ती बदलण्याचे कारण नाही. तीतील खिळे उपटून, लोहचुंबक फिरवून खात्री करावी, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच फेरीत बोथट होते. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने पाहिले की फळीचा पीळ तत्काळ दिसतो. उंच भाग आधी आडवा रंधा मारून उतरवावा, शेवटचे हात लांबीच्या दिशेने द्यावेत. फळी पातळ असेल तर १८ मिलिमीटरचा प्लायवूड खालून जोडावा. आमच्या मेजासाठी मात्र जुन्या वाड्यांच्या पाडकामातील लाकूड विकणाऱ्याकडून दरवाजाच्या दोन सागवानी फळ्या आणल्या. खर्चाचा मोठा भाग तेवढाच.

व्हाइस सर्वांत शेवटी घ्यावा, आणि ऐपत असेल तरच. तोवर मेजाच्या कडेला खाच पाडलेला ठोकळा पक्का करून, त्या खाचेत काम व पाचर एकत्र ठोकली, तरी लाकूड उत्तम धरले जाते. पुढे व्हाइस बसविला तर त्याच्या लोखंडी जबड्यांना लाकडी पट्ट्या लावाव्यात, म्हणजे कामावर वळ उमटत नाहीत.

तयार मेजास जवसाचे तेल चोळावे. येथे गृहिणींस एक सूचना द्यावीशी वाटते. या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली, तर तेल सुकताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत, वा पाण्यात बुडवून ठेवावीत. पूजेच्या वेळी भुसा झाडून काढावा आणि निरांजन व उदबत्ती मेजापासून दूर, धातूच्या तबकात ठेवावी. पूजा उतरल्यावर पात्यांवरील ओले हळदकुंकू पुसून तेलाचा हात फिरवावा. फुलांच्या ओलाव्यानेही पोलाद गंजते.

नवमीस हत्यारे विसावतात, तेव्हा मेज मोकळे असते. त्या दिवशी त्याच्या चारही पायांना हळदकुंकू लावून दोन फुले त्यावर ठेवण्यास काही वेगळा विधी लागत नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. सोने लुटून घरी आल्यावर त्या मेजावर पहिले काम काढावे. काम लहानच असावे. देवघरातील पाटाचा एखादा पाय निखळलेला असेल, तर त्यापासूनच आरंभ करावा.