उभी शेपटी तुटली, तरी विमान उतरलं!

विमान वरखाली हादरलं की सगळे खुर्चीचे हात घट्ट धरतात. आडव्या झोताचं मात्र कुणी नाव काढत नाही. बाजूने झोत आला की तो उभ्या शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. मागे झुकलेल्या पंखांपैकी वाऱ्याकडच्या पंखाला जास्त उचल मिळते, म्हणून विमान दुसऱ्या अंगावर कलंडतं. मग परत उलट. हे झुलणं म्हणजे 'डच रोल'. मागच्या रांगेत बसलात तर जास्त जाणवेल.

हे झुलणं आवरायला बहुतेक जेट विमानांत यॉ डॅम्पर असतो. नाक किती वेगाने वळतंय ते जायरो मोजतो आणि रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा हलता भाग, आपोआप उलट हलतो. पायलटला रडरच्या पेडलला पाय लावावा लागत नाही.

आता माझा आवडता किस्सा. १० जानेवारी १९६४. अमेरिकेत बोइंगचे चाचणी वैमानिक चक फिशर बी-५२ बॉम्बर घेऊन निघाले होते, तेही खवळलेल्या हवेचा विमानावर होणारा परिणाम मोजायलाच! डोंगराळ भागात असा काही तडाखा बसला की उभी शेपटी जवळजवळ अख्खी तुटून गेली. तरी त्यांनी विमान काही तास सांभाळलं आणि आर्कान्सॉतल्या ब्लाइथव्हिल तळावर सुखरूप उतरवलं. शेपटीविना विमानाचा फोटो शोधून बघाच, राव!