द पेंग्विन्स : एका गाण्याचा गायकवृंद

द पेंग्विन्स हा लॉस एंजेलिसमधल्या चार कृष्णवर्णीय तरुणांचा गायकवृंद १९५३च्या अखेरीस जमला. क्लीव्हलंड डंकन मुख्य गायक, कर्टिस विल्यम्स खर्जाला, डेक्स्टर टिस्बी वरच्या पट्टीत आणि ब्रूस टेट मधल्या पट्टीत. कूल सिगारेटच्या जाहिरातीतल्या पेंग्विनवरून त्यांनी हे नाव घेतले.

त्यांची गायकी डू-वॉप. अमेरिकेतल्या शहरांत ही शैली रस्त्याच्या कोपऱ्यावर वाढली. तिथे वाद्यांचे काम गळाच करी. एक जण शब्द गाई, खर्जातला आवाज ठेका धरी आणि बाकीचे अर्थहीन अक्षरांनी मागे सुरावट भरीत.

१९५४मध्ये डूट्सी विल्यम्स यांच्या डूटोन या छोट्या कंपनीसाठी ‘अर्थ एंजल’ एका गॅरेजमध्ये मुद्रित झाले. ड्रमचा आवाज गळ्यांवर चढू नये म्हणून त्याला उशा लावल्या होत्या. शेजारचा कुत्रा भुंकला की गाणे थांबे. त्याला गप्प करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे मुद्रण खरे तर कच्चा नमुना होता. पण रेडिओवर वाजताच मागणी इतकी आली, की ते तसेच बाजारात गेले, तेही ‘हे सेन्योरिटा’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला.

१९५५च्या सुरुवातीला हे गाणे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिले आले आणि पॉपच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोचले. त्याच वेळी क्रू-कट्स या कॅनडाच्या गोऱ्या गायकांनी तेच गाणे गाऊन पॉपमध्ये तिसरा क्रमांक गाठला. कृष्णवर्णीयांची गाणी गोऱ्यांकडून गाऊन घेऊन खपवण्याची तेव्हा रीतच होती आणि मूळ गायकांच्या हक्काचा मोठा वाटा त्यात जाई.

पुढे व्यवस्थापक बक रॅम यांनी पेंग्विन्सना मर्क्युरी कंपनीत नेले. त्यांची अट एकच : सोबत द प्लॅटर्स या वृंदालाही घ्यायचे. त्याच वर्षी ‘ओन्ली यू’ गाऊन प्लॅटर्स जगभर पोचले. पेंग्विन्सना मात्र तसे यश पुन्हा लाभले नाही. ‘अर्थ एंजल’च्या श्रेयावरूनही वाद कोर्टात गेला. आज कर्टिस विल्यम्ससोबत जेसी बेल्विन आणि गेनेल हॉज यांची नावे रचनाकार म्हणून लागतात.

डंकन २०१२मध्ये वारले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ‘अर्थ एंजल’ जतन केले आहे. निवड झाली ती पेंग्विन्सच्या गॅरेजमधल्या मुद्रणाचीच.