प्लेट, रॉड की गोळा

सकाळी ७:३०

रात्री दोन जण दाखल झाले आहेत. पेठ तालुक्यातल्या ७८ वर्षांच्या आजी मोरीत घसरल्या. दोन दिवस घरीच लेप लावून ठेवलं, मग सावळघाटातून जीपने नाशिकला आणलं. पाय आखूड झालाय आणि बाहेर वळलाय. दुसरे पंचवटीतले आजोबा, पहाटे पलंगावरून उठताना पडले. दोन्ही घरचे लोक ‘खुबा मोडला’ एवढंच सांगतात, पण एक्स-रे पाहिला की दोघांचे रस्ते वेगळे होतात. आजोबांचं हाड मानेत मोडून सरकलंय. तिथे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि या वयात स्क्रू घालून जोडलं तरी गोळा सुकण्याची भीती राहते. त्यांचा गोळाच बदलायचा. आजींचं मोडलंय मानेच्या खाली, ट्रोकँटरपाशी. तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं. जुळेपर्यंत ते कशाने धरून ठेवायचं, एवढं ठरवायचं असतं.

८:१५

भूलतज्ज्ञांशी बोलणं. आजींचं सोडियम कमी आहे, हिमोग्लोबिनही. टूडी इको आजच हवा, उद्यावर नको. १७ देशांतल्या जवळपास तीन हजार रुग्णांवरच्या ‘हिप अटॅक’ चाचणीत (ती २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली) काही तासांत शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पण भ्रम कमी झाला आणि म्हातारी माणसं लवकर उभी राहिली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. पडून राहिलेल्या माणसाला छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, मग इम्प्लांट कितीही चांगलं असलं तरी काय उपयोग?

९:००

आजींचा मुलगा कागद घेऊन आलाय. महात्मा फुले योजनेची मंजुरी आरोग्यमित्र बघताहेत. “डॉक्टर, रॉडच टाका. प्लेट निघून येते म्हणतात लोकं.”

हे मला जवळजवळ प्रत्येक घराकडून ऐकायला मिळतं. रॉड प्लेटपेक्षा महाग, म्हणून तो भारी असणार असा सगळ्यांचा समज. मी त्याला एक्स-रे खिडकीशी धरून दाखवतो. पाय ओढून, आत वळवून काढलेल्या फिल्ममध्ये आजींचे फक्त दोन तुकडे दिसतात. आतली कड शाबूत आहे, बाहेरची भिंत जाड आहे. ही भिंत माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. तैवानच्या सर्जनांनी २०१३ साली मोजून दाखवलं की ती २०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर प्लेटची शस्त्रक्रिया करताना किंवा नंतर ती फुटण्याचा धोका वाढतो. मग आतला स्क्रू भलताच सरकतो आणि पाय आखूड होतो. तशा हाडात रॉडच हवा, कारण तो पोकळीच्या आतून टेकू देतो. आजींच्या हाडाला त्याची गरज नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इनसाइट’ चाचणीत ८५० रुग्णांची वाटणी रॉड आणि सरकत्या स्क्रूच्या प्लेटमध्ये केली होती. वर्षभराने दोन्ही गटांचं जगणं सारखंच निघालं. महाराष्ट्रालाही हा स्क्रू नवा नाही, मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णींनी त्यात बदल करून १९८४ सालीच त्यावर लिहिलं होतं.

“म्हंजे आईला स्वस्तातलं नाही ना टाकत?”

“तिच्या हाडाला जे लागतंय तेच टाकतोय, दादा.”

११:००

पाठीतून भूल. फ्रॅक्चर टेबलवर पाय बांधून ओढला, सी-आर्म समोरून आणि बाजूने फिरवून हाड जुळल्याची खात्री केली. ते जुळल्याशिवाय कातडीला चाकू लावायचा नाही, कारण वाकडं बसलेलं हाड कुठलंच इम्प्लांट सरळ करत नाही.

आता गाइड वायर. ती गोळ्याच्या मधोमध, दोन्ही चित्रांत मधोमध गेली पाहिजे. पहिल्या वेळी किंचित वर गेली. काढली, पुन्हा घातली. सिस्टर थांबून आहेत, भूलतज्ज्ञ घड्याळ बघताहेत, तरी इथे घाई करायची नाही. अमेरिकेतल्या बॉमगार्टनर यांनी १९९५ साली एक साधा हिशेब मांडला: स्क्रूचं टोक गोळ्याच्या शेंड्यापासून दोन्ही चित्रांत किती दूर आहे ते मोजा आणि बेरीज करा. बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेला एकही स्क्रू त्यांच्या रुग्णांत गोळा फाडून बाहेर आला नव्हता. लोक ‘प्लेट निघून आली’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा हाच स्क्रू चुकीच्या जागी बसलेला असतो. तो रॉडमधूनही तसाच बाहेर येतो. धातूच्या किमतीपेक्षा या काही मिलिमीटरवर आजींचं चालणं अवलंबून आहे, म्हणून तिसऱ्यांदा वायर घालायची वेळ आली असती तरी मी घातली असती.

२:००

आजोबांचा गोळा बदलला. मुंबईच्या तळवलकरांच्या नावाचं बायपोलर आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे. आज त्याच जातीचं नव्या घडणीचं, आणि सिमेंटसह. पोकळ झालेल्या हाडात सिमेंटशिवाय दांडा ठोकला की हाड तडकू शकतं. ब्रिटनमध्ये ६० वर्षांवरच्या १,२२५ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) सिमेंटच्या गटात असं फ्रॅक्चर ०.५ टक्के, तर बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के झालं. सिमेंट भरताना रक्तदाब घसरू शकतो, म्हणून भरण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं. त्यांनी हात वर केल्यावरच पुढे.

५:००

वॉर्ड. आधी ऑपरेशन झालेल्या सिन्नरच्या मावशींना फिजिओथेरपिस्टनी वॉकरवर उभं केलंय. “पूर्ण टेकवा पाय.” त्या घाबरतात, सून मागून धरते. पाय उचलून चालायला सांगणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही; म्हणून पूर्ण भार पेलेल अशीच जोडणी करायची.

७:००

ओपीडी. टाके काढायला आलेल्या घरच्यांना मी दुसऱ्या खुब्याबद्दल सांगतो. एकदा मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध. काहींना वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं इंजेक्शन. मोरीत हाताला धरायला दांडा. रात्री लघवीला उठताना दिवा.

९:१५

मालेगावहून फोन, फोटोत एक्स-रे. ८२ वर्षांच्या बाई, फ्रॅक्चरची रेघ उलटी, आतून वरच्या बाजूने बाहेर खाली उतरणारी. इथे प्लेट चालणारच नाही. स्क्रू ज्या दिशेने सरकतो, त्याच दिशेने तुकडे एकमेकांपासून लांब जातील. डीलरला लांब रॉडचे दोन-तीन व्यास सकाळी सातपर्यंत आणायला सांगितलं. बाईंच्या मुलाला म्हणालो, रात्रीच निघा, आणि त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर पाकीट सोबत आणा.