सहा घोड्यांची फौज

पहाटे ४:३०

युनिटची बस कोल्हापूर सोडून पन्हाळ्याच्या पायथ्याकडे निघते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि संध्याकाळी सहाला मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. त्यातला दुपारचा डोक्यावरचा उजेड चेहऱ्याला वाईट, तो वजा करायचा. जे उरतं त्यात आज घोडदौड आहे, एका स्वाराचं पडणं आहे, वाड्यातली चोरटी भेट आहे आणि पट्ट्याचं द्वंद्व आहे. कॉल शीट मीच लिहिलंय. मी पहिला सहायक दिग्दर्शक आहे आणि घड्याळ सांभाळणं हे माझं काम.

कथा सतराव्या शतकातली. देशमुखीच्या वतनावरून बापाचा खून झालेला एक पोरगा परमुलखात पट्टा शिकतो आणि सूड घ्यायला गावी परततो. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच पुतणीत त्याचं मन गुंततं. गोष्ट कल्पित आहे, पण वैर कल्पित नाही. वतनासाठी भाऊबंदांनी एकमेकांचे जीव घेतल्याच्या हकिगती त्या काळच्या महजरांत आणि करिन्यांत जागोजागी सापडतात. आमच्या लेखकानं ते कागद वाचलेत. म्हणून आमचा खलनायक राक्षसासारखा गडगडाटी हसत नाही. वतन आपलंच आहे अशी त्याची मनापासून खात्री आहे.

पहाटे ५:१५

चहा होण्याआधी तालीम. ही वेळ मी कुणालाही देत नाही, निर्मात्यालासुद्धा नाही.

वस्ताद गाडीच्या दिव्यांच्या उजेडात दोघा नटांना समोरासमोर उभं करतात. कोल्हापुरात मर्दानी खेळ अजून जिवंत आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी, बोथाटी, विटा आणि दांडपट्टा फिरवणारी पोरंपोरी रस्त्यावर दिसतात. आमचे वस्ताद त्याच परंपरेतले. सिनेमाचे फाइट मास्टर ते नव्हेत, आणि आम्ही त्यांना मुद्दाम बोलावलंय ते त्याचसाठी. सुरुवात फरी-गदक्यानं होते. गदका म्हणजे चामडं मढवलेली काठी, फरी म्हणजे लहान ढाल. आधी पवित्रे, नुसते पायांचे. मग वार, मग हूल.

नायकाची नजर सारखी गदक्यावर जाते. वस्ताद त्याला थांबवतात.

"पात्याकडं बघू नगा. त्याच्या डोळ्याकडं बघा. पातं कुठं येतंय ते डोळं आधी सांगत्यात."

"पण वस्ताद, कॅमेऱ्यात मी त्याच्यावर चिडलेला दिसायला हवा ना?"

"चिडा की. पर त्यो तयार हाय का बघूनच हात उचला. त्याचं बोट गेलं तर तुमचा सिनेमा बी गेला."

पडद्यावरच्या तलवारबाजीचं मर्म मला या बोलण्यात सापडतं. वैऱ्याचा जीव घ्यायला निघालेले हे दोघं दर वाराला एकमेकांना जपत असतात. वार करणारा क्षणभर थांबतो, समोरच्याच्या नजरेतून होकार आला की मगच हात चालतो. ती क्षणभराची थांबलेली नजर कॅमेरा टिपतो आणि प्रेक्षकाला तिथे द्वेष दिसतो. तालीम कच्ची असेल तर नजर पात्यावर जाते आणि द्वंद्व जाऊन दोन माणसं काठ्या सांभाळताना दिसतात. पैसेवाल्या निर्मितीत याची भरपाई वीस रिटेक घेऊन आणि संकलनात तुकडे जोडून करता येते. आम्हाला तीन टेकच्या वर परवडत नाही, म्हणून आम्ही महिनाभर तालमी केल्या.

तालमीचा शेवटचा फेरा लोखंडी तलवारींनी होतो. कॅमेऱ्यापुढे येतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या, धार नसलेल्या. पण अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्यानं हात भलताच वेगानं फिरतो आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो. लोखंडाचं वजन आधी खांद्यात मुरलं, की हलक्या तलवारीलाही हात तेवढाच जड चालतो.

सकाळी ६:५०

क्षितिज तांबूस झालंय. ड्रेसदादांनी चिलखतं चढवून दिलीत. चिलखत सुतळीचं, जाड सुयांवर विणलेलं आणि वर रुपेरी रंग फवारलेला. दहा फुटांवरून ते लोखंडाच्या कड्यांचं दिसतं, म्हणून कॅमेरा दहा फुटांच्या आत न्यायचा नाही असं ठरलंय.

घोडे सहा आहेत. कथेत फौज पन्नासांची आहे.

युक्ती जुनी आहे. सहा घोडे उजवीकडून डावीकडे दौडत कॅमेऱ्यासमोरून जातात, टेकाडामागे वळतात, तिथे ड्रेसची पोरं झुली आणि स्वारांचे मुंडासे बदलतात, आणि तेच सहा पुन्हा उजवीकडून येतात. कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा म्हणजे टापा मोठ्या दिसतात आणि मागचा रिकामा माळ दिसत नाही. बाकीची फौज धूळ पुरी करते. मुलतानी मातीची पोती वाऱ्याच्या बाजूला रिकामी केली, की धुळीत सहा आहेत की साठ हे कुणी मोजू शकत नाही. शिवाय फौजेचा आवाज नंतर येणार आहे. ध्वनीवाला टापांचे थर एकावर एक चढवतो, आणि डोळ्यानं पाहिलेल्या सहांना कान पन्नास करतो.

घोड्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधीच काढावी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो. आमचे पशुवैद्य सेटवर हजर असतात आणि तिसऱ्या दौडीनंतर त्यांनी हात वर केला, की दौड थांबते. त्यांचा शब्द दिग्दर्शकाच्याही वर. हे नियम नसते तरी मला असंच हवं असतं. घोड्याच्या पायाला तार बांधून त्याला पाडायचं, ही जगभरच्या साहसपटांची एक लाजिरवाणी रीत होती. त्या दृश्यांतला थरार आता मला बघवत नाही.

दोन दौडींच्या मध्ये माझं दुसरं काम चालतं, चौकटीतून आजचं जग हाकलण्याचं. विजेचे खांब आणि मोबाइलचा टॉवर कुणालाही दिसतात. अवघड असतात ती झाडं. निलगिरी नको. गुलमोहर नको, तो मूळचा मादागास्करचा आणि आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आला. माळावर माजलेली घाणेरीसुद्धा त्याच काळातली पाहुणी. शिवकाळातल्या स्वाराच्या मागे घाणेरीची फुलं दिसली तर शंभरातल्या नव्याण्णव जणांना कळणार नाही. पण तो एक माणूस मला महत्त्वाचा वाटतो, कारण खोट्या चिलखतावर विश्वास ठेवण्याची उदारता त्यानं आधीच दाखवलेली असते. म्हणून कॅमेरा बोरीबाभळींकडे वळतो. त्या इथल्याच.

गडावर जाऊन का करत नाही, असं युनिटमधली नवी पोरं विचारतात. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगी आणि शुल्क दोन्ही लागतं, आणि घोडे, मशाली, मारामारी म्हटल्यावर अडचणी वाढतात. तेव्हा गड लांबून दिसेल, धुक्यात, एकाच शॉटमध्ये. तो शॉट सकाळी ७:२० ला मिळाला आणि तो फार सुंदर आहे.

सकाळी १०:३०

स्वाराचं पडणं. घोडा चौकटीबाहेर जातो, कट. मग माणूस एका उंच स्टुलावरून, कमरेपासून वरचाच भाग दिसेल असा, गाद्यांवर पडतो. तिसरा शॉट फक्त जमिनीचा, धुळीत येऊन आदळणारा हात. तिन्ही मिळून तीन सेकंद. दोन टेकमध्ये झालं.

दुपारी १२:३०

जेवण. भाकरी, पिठलं, खर्डा आणि ताक. सगळे एका पंगतीला, खलनायकाच्या शेजारी नायक. ऊन डोक्यावर आहे, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. अशा उजेडात शॉट घ्यायचाच नाही, म्हणून इथे घाई नाही.

दुपारी २:००

जवळच्या गावातला जुना चिरेबंदी वाडा. मालक आजी सोप्यात बसून सगळं बघतात आणि नायिकेचं नऊवारी ड्रेसदादांना जमत नाही म्हटल्यावर स्वतः उठून कासोटा घालून देतात.

प्रेमाचा प्रसंग एवढासाच आहे. ती ओसरीवर दिवा लावते, तो खांबाआड उभा आहे, दोघांमध्ये अंगण. तिला कळतं की हा काकाला मारायला आलाय. ती आरडाओरडा करत नाही. संवाद दोनच.

असल्या सिनेमात प्रेम म्हणजे दोन लढायांमधली गाण्याची जागा, असं अनेकांना वाटतं. कोल्हापूरच्या जुन्या ऐतिहासिक बोलपटांनी तसं मानलं नव्हतं. भालजी पेंढारकरांनी १९४१ साली 'थोरातांची कमळा' केला, १९६३ साली 'मोहित्यांची मंजुळा'. दोन्ही नावं बाईची आहेत. तलवारी, घोडे, शत्रू सगळं त्यांत आहे, पण चित्रपट तिच्या नावानं ओळखला जातो. हे मला फार मोठं वाटतं. सुडाचं काय करायचं हा प्रश्न नायकाला तिच्यामुळे पडतो. ती नसती तर त्याला फक्त मारायचं असतं, आणि मारणं पाच मिनिटांत संपतं.

याच भालजींचा स्टुडिओ १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि पुढे 'छत्रपती शिवाजी', 'पावनखिंड' असे चित्रपट केले. कोल्हापुरात ऐतिहासिक सिनेमा करणाऱ्यानं कमी पैशांची तक्रार करताना ही गोष्ट आठवावी.

तिचा क्लोज पहिल्याच टेकला मिळतो. दिग्दर्शक दुसरा घेत नाहीत.

दुपारी ४:१५

पट्टा. ऊन तिरपं झालंय, माळ सोनेरी दिसतोय, हातात पावणेदोन तास.

पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते आणि पातं लांब, लवचिक असतं. मनगट वळत नाही, पूर्ण हात फिरवावा लागतो. पातं वाकतं, त्यामुळे ते नेमकं कुठं पोचेल हे नवख्याला सांगता येत नाही. म्हणून दोन नटांमध्ये आठ फूट अंतर ठेवलंय. कॅमेरा खूप मागे, त्यावर लांब लेन्स. लांब लेन्स मागचं-पुढचं अंतर दाबून टाकते. एक नट पुढे, एक मागे असे तिरके उभे केले, की आठ फुटांचे पडद्यावर दोन होतात. वेग सेकंदाला २२ चौकटी ठेवलाय. पडद्यावर तो २४ नं चालेल, म्हणजे हालचाल किंचित चपळ होईल, पण चार्ली चॅप्लिनसारखी दिसणार नाही.

अशा वेळी मला मास्टर विठ्ठल आठवतात. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, याच कोल्हापुरात, ते शिकले. 'कल्याण खजिना'त ते नर्तकी होते. पुढे मूकपटांत तलवारी फिरवून असे गाजले की लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले, आणि १९३१ साली 'आलम आरा'चे नायक झाले. नाचणारे पाय आणि लढणारे पाय वेगळे नसतात, हे त्यांच्या वाटचालीत दिसतं. आमचा नायकही लावणीच्या संचात ढोलकी वाजवायचा. ताल त्याच्या अंगात आहे, म्हणूनच त्याला घेतलं.

पहिला टेक: नजर पात्यावर. दुसरा: नजर पक्की, पण खलनायकाचा पाय घसरतो. तिसरा मिळतो. वस्ताद मॉनिटरकडे बघतच नाहीत, ते नटांच्या पायांकडे बघत असतात. "झालं," म्हणतात.

संध्याकाळी ७:००

पुन्हा वाडा, आता रात्रीची लढाई. दिवा एकच लावायचा, भिंग काढलेला टंगस्टनचा, अगदी खाली. दिवा लहान आणि लांब असला की सावली रेखीव पडते. भिंतीवर फक्त सावल्या लढणार.

ही कल्पना महागड्या चित्रपटातली आहे. मायकल कर्टिझ यांच्या १९३८ च्या 'रॉबिन हूड'मध्ये एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन लढता लढता चौकटीबाहेर जातात आणि खांबावर त्यांच्या अवाढव्य सावल्या लढत राहतात. तिथे तो विलास होता, इथे गरज आहे. दिव्याजवळ उभा असेल त्याची सावली मोठी. म्हणून सुरुवातीला खलनायक दिव्याजवळ आणि नायक भिंतीजवळ. लढत पुढे सरकते तसा नायक पावलापावलानं दिव्याकडे येतो आणि भिंतीवर तो वाढत जातो. दोघं एकमेकांच्या टप्प्यात कधी येतच नाहीत, तरी सावलीत पाती भिडतात. चेहरा दिसत नसल्यानं नायकाच्या जागी स्वतः वस्ताद उभे राहतात. भिंतीवर त्यांचा पवित्रा उमटतो तेव्हा जनरेटरवाल्यापासून आजींपर्यंत कुणीही बोलत नाही.

बाबुराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी दिव्यांचा प्रकाश वापरला, असं चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. तेव्हा कोल्हापुरात रात्र उभी करायची ती अशीच, हाताशी असेल त्या दिव्यानं.

रात्री ९:१५

पॅकअप. दोन हार्ड डिस्कवर दिवसाचं चित्रीकरण उतरतंय. आर्टदादा तलवारी मोजून पेटीत ठेवतात, एक वाकलीय. निर्मात्याचा माणूस, दिग्दर्शक, वस्ताद आणि मी ओसरीवर बसतो. शेवटच्या द्वंद्वासाठी क्रेन सांगितलीय. नायक काकावर तलवार उगारतो आणि ती मध्ये येते, तो प्रसंग वरून घ्यायचा बेत होता. वस्ताद विचारतात, वरून डोळं दिसणार काय? दिग्दर्शक थोडा वेळ विचार करतात आणि क्रेन रद्द करायला सांगतात. वाचलेल्या पैशांत तालमीचे दोन दिवस जास्त मिळतात. ते दोन दिवस नायिकेचे. आजवर तिच्या हातात आम्ही गदका दिलेला नाही, आणि शेवटच्या प्रसंगात चालून येणारं पातं अडवायचं आहे ते तिनंच.